एका वर्षातच कम्युनिटी कॉलेज सोडून युनिव्हर्सिटीत: जमतं का, करावं का?

मोगरा_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसती वाचत) आहे, आज गरज पडली म्हणून लिहायला बसले.

मुलगा गेल्या जूनमध्ये हायस्कूल पास झाला. कॉम्प्युटर सायन्सला हव्या त्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे कॅम्पस) मिळाल्या नाहीत, जिथे मिळालं तिथे त्याला जायचं नव्हतं, आणि बाहेरच्या राज्यांची फी बघून आम्हीच हात जोडले. म्हणून डी अँझा, हे दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. फॉल क्वार्टर (सप्टेंबर ते डिसेंबरचं सत्र) छान गेला, ग्रेड्स उत्तम. पण ख्रिसमसच्या सुट्टीत मित्र घरी आले, डॉर्मच्या गप्पा झाल्या आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय: "आई, दोन वर्षं कशाला? मी या फॉललाच जातो."

जूनपर्यंत त्याची ४५ क्वार्टर युनिट्स (क्रेडिट्स) होतील. शिवाय तीन एपी (हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षा, ५ पैकी गुण) आहेत: कॅल्क्युलस बीसीत ५, इंग्लिश लँग्वेजमध्ये ४, यूएस हिस्टरीत ४. नवरा म्हणतो जाऊ दे, पोराचं मन लागत नसेल तर काय उपयोग. मला वाटतं सुरू केलंय ते पूर्ण कर. सासूबाई नाशिकहून फोनवर विचारतात, "कॉलेज बदलतोय म्हणजे नापास झाला का गं?" त्यांना समजावून थकले.

तर प्रश्न असे. एका वर्षानंतर यूसी किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) घेतात का? नसतील तर खाजगी किंवा बाहेरच्या राज्यातल्या युनिव्हर्सिट्या घेतात का? आणि लवकर गेल्याने खरंच काही वाचतं का? कौन्सेलरकडे जाणारच आहोत, पण त्याआधी चार अनुभवी लोकांचं ऐकावं म्हटलं.

घाटावरचा

यूसीचं या फॉलसाठी विसरा. अर्जाची मुख्य मुदत डिसेंबरच्या सुरुवातीलाच संपली.

कोथिंबीरवडी

वाचतेय. आमची अकरावीत आहे, आत्तापासून डोकेदुखी सुरू.

शमा_सनीव्हेल

मोगरा, माझ्या दोन्ही मुली याच वाटेने गेल्या, त्यामुळे हे आकडे झोपेतही सांगता येतील.

यूसी ज्युनियर लेव्हलला ट्रान्सफर घेते, म्हणजे तिसऱ्या वर्षाला. त्यासाठी यूसीला चालणारी ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट्स लागतात, आणि ती ज्या फॉलला जायचं त्याच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत पूर्ण व्हायला हवीत. आता तुझ्या मुलाचा हिशेब कर. त्या तिन्ही एपींना यूसी प्रत्येकी ८ क्वार्टर युनिट्स देते, म्हणजे २४. अधिक ४५. झाली ६९. अजून २१ कमी पडतात. समरमध्ये करीन म्हणेल, पण बहुतेक कॅम्पस त्या समरची युनिट्स धरत नाहीत. म्हणजे मुदत संपली नसती तरी तो बसला नसता. साठ सेमिस्टर युनिट्सच्या आत घेणं यूसीत जवळजवळ नाहीच. एखादा कॅम्पस कधीमधी घेतो, पण त्यावर बेत आखू नये. सीएसयूचंही तेच, बहुतेक ठिकाणी लोअर डिव्हिजन, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या आधीचं, ट्रान्सफर बंद.

हा काही कारकुनी हट्ट नाही. १९६० च्या मास्टर प्लॅनपासून कॅलिफोर्नियाची रचनाच अशी आहे. पहिली दोन वर्षं शिकवण्याचा मोठा भार कम्युनिटी कॉलेजांनी उचलायचा आणि युनिव्हर्सिटीने त्यांच्या मुलांसाठी वरच्या दोन वर्षांत जागा राखायची. आज ११६ कॉलेजं आहेत आणि यूसी ट्रान्सफरमध्ये त्यांना सगळ्यात आधी धरते, अगदी दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून येणाऱ्या मुलांच्याही आधी. पण हा मान तिसऱ्या वर्षाच्या दारातच मिळतो.

चिकूशेठ

मला एक कळत नाही. ज्या यूसीने घेतलं होतं तिथेच गेला असता तर आज हा प्रश्नच आला नसता. बे एरियात मुलाला कम्युनिटी कॉलेजला घालायचं आणि मग मंडळाच्या गणेशोत्सवात लोकांना चुकवत फिरायचं. आमच्या वेळी मिळेल तिथे गेलो, कुरकुर केली नाही.

मोगरा_फ्रीमाँट

@चिकूशेठ, आम्ही कुणाला चुकवत नाही. आरतीला पुढेच असतो.

@शमा, एका मैत्रिणीचा मुलगा खरंच एका वर्षात गेला गं, यूसीलाच. मग तो कसा?

शमा_सनीव्हेल

तो बहुतेक हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे कोर्स करत असणार. डुअल एनरोलमेंट, नाहीतर मिडल कॉलेज. अशी मुलं हायस्कूल संपतानाच तीस-चाळीस सेमिस्टर युनिट्स घेऊन बाहेर पडतात. वर एपी, वर एक भरगच्च वर्ष, की साठ होतात. पार्टीत आपल्या कानावर फक्त "एका वर्षात गेला" एवढंच येतं.

कोथिंबीरवडी, तुमची अकरावीत आहे म्हणून सांगते. डुअल एनरोलमेंटच्या ग्रेड्स कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर राहतात आणि पुढे ट्रान्सफरच्या जीपीएमध्ये धरल्या जातात. दहावीतल्या मुलाने गंमत म्हणून समरमध्ये इकॉनॉमिक्स घेतलं आणि सी आणला, तर तो सी चार वर्षांनी दारात येऊन उभा राहतो. आणि हायस्कूल संपल्यावर लगेचच्या समरचे कोर्स केले तर यूसीसाठी मूल फ्रेशमनच (पहिल्या वर्षाला येणारं) राहतं. फॉलला नाव घातलं की ते ट्रान्सफर, मग फ्रेशमनचा अर्ज परत करता येत नाही.

कोथिंबीरवडी

बाप रे, हे आम्हाला शाळेत कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद!

रानवारा_प्लेनो

कॅलिफोर्नियावाल्यांना जगात फक्त यूसीच दिसते. :) इकडे टेक्सासात लवकर जाणं अगदी सर्रास चालतं. यूटी ऑस्टिनला ट्रान्सफर अर्जासाठी किमान २४ सेमिस्टर तासांची क्रेडिट्स लागतात, म्हणजे एका वर्षाची. टेक्सास ए अँड एमलाही २४. यूटीचा कॅप नावाचा कार्यक्रमही आहे: फ्रेशमन म्हणून ऑस्टिन मिळालं नाही तर यूटी सिस्टीमच्या दुसऱ्या कॅम्पसवर एक वर्ष काढायचं, ३० तास आणि ३.२ जीपीए करायचा, की ऑस्टिनची जागा पक्की. पण ती लिबरल आर्ट्सची. कॉम्प्युटर सायन्स किंवा बिझनेसची हमी त्यात नाही, आणि आपल्या लोकांना नेमकं तेच हवं असतं.

आता जरा कडू सांगतो. माझा भाचा इथल्या एका कम्युनिटी कॉलेजातून एका वर्षाने निघाला. नवीन युनिव्हर्सिटीचं पत्र आलं, सगळी ३० क्रेडिट्स मान्य. घरात पेढे वाटले. ओरिएंटेशनला डिग्री ऑडिट (पदवीसाठी काय झालं, काय उरलं याचा हिशेब) समोर आला तेव्हा त्याच्या प्रोग्रॅमिंगच्या दोन कोर्सपुढे "जनरल इलेक्टिव्ह" लिहिलेलं होतं. म्हणजे क्रेडिट आलं, पण मेजरच्या (मुख्य विषयाच्या) खात्यात शून्य. पहिला प्रोग्रॅमिंगचा कोर्स परत, त्यामुळे डेटा स्ट्रक्चर्स एक सेमिस्टर पुढे, आणि त्याच्या मागून येणारं सगळंच पुढे ढकललं. वाचवलेलं वर्ष तिथेच गेलं.

म्हणून "क्रेडिट्स ट्रान्सफर होतात का" असं विचारूच नका. "माझ्या मेजरच्या कुठल्या कोर्सच्या जागी लागतात" असं विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

एडिसनकाका

रानवारा यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी न्यू जर्सीत एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवतो, पार्ट टाइम. २०१७ साली अमेरिकी सरकारच्या जीएओ या संस्थेने यावर अहवाल काढला होता. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची अंदाजे ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली होती. सार्वजनिक कॉलेजातून सार्वजनिक कॉलेजात जाणाऱ्यांचीसुद्धा ३७ टक्के. जुना अभ्यास आहे, नंतर बऱ्याच राज्यांनी सुधारणा केल्या. पण त्या सुधारणा कशा केल्या हे बघितलं तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

आमच्याकडे २००७ चा लॅम्पिट कायदा आहे. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची एए किंवा एएस पदवी (असोसिएट डिग्री) पूर्ण करून रटगर्ससारख्या राज्याच्या युनिव्हर्सिटीत गेलात तर सगळी पदवी एकगठ्ठा स्वीकारली जाते, जनरल एज्युकेशन पूर्ण झालं असं धरतात आणि तुम्ही तिसऱ्या वर्षाला बसता. पदवी न घेता निघालात की हे कवच गेलं, मग एकेक कोर्स तपासून घेतात. वॉशिंग्टन राज्यात ९० क्रेडिट्सची डीटीए ही ट्रान्सफरसाठीची पदवी आहे. तुमच्याकडे सीएसयूसाठीची एडीटी ही तशीच पदवी. सगळीकडे हमी संपूर्ण पदवीला दिलेली आहे, अर्ध्या वाटेला दिलेली नाही.

आमच्याकडे एनजे स्टार्स ही स्कॉलरशिपही आहे. शाळेत वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलांची कम्युनिटी कॉलेजची ट्यूशन त्यात भागते. त्याच्या पुढचा टप्पा, स्टार्स टू, युनिव्हर्सिटीत गेल्यावर पैसे देतो, पण असोसिएट डिग्री हातात असेल तरच. माझ्या वर्गातली हुशार मुलं दरवर्षी विचारायला येतात, "सर, लवकर जाऊ का?" मी आधी विचारतो, स्टार्सवर आहेस का? असेल तर मला बोलावंही लागत नाही, पोरं स्वतःच फोनवर आकडेमोड करून गप्प बसतात.

चिकूशेठ, जाता जाता तुमच्यासाठी. माझ्या संध्याकाळच्या वर्गात सतरा वर्षांच्या मुलीशेजारी सैन्यातून परतलेला माणूस बसतो आणि त्याच्या मागे दोन मुलांची आई, जी नर्सिंगला जायचं म्हणून स्टॅटिस्टिक्स करते. त्यांच्यापैकी कुणाला लाज वाटताना मी पाहिलेलं नाही.

चिकूशेठ

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण स्पर्धा नावाची गोष्ट असते. हुशार मुलाला हुशार मुलांत ठेवावं एवढंच म्हणणं आहे.

घाटावरचा

आता चिकूशेठ यांच्या चिरंजीवांचं कॉलेज विचारायची वेळ झाली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तिसरीघंटा

विषय सोडू नका रे.

पुण्याहून विचारतोय. हे आपल्या डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जाण्यासारखंच झालं ना? आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात डिप्लोमावाले आले तेव्हा वर्कशॉपमध्ये आमच्या दहा पावलं पुढे आणि गणिताच्या एम-थ्रीमध्ये घामाघूम.

एडिसनकाका

बरंचसं तसंच. फरक इतकाच की तिथे डिप्लोमा पूर्ण झाल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. अर्धा डिप्लोमा घेऊन सेकंड इयरला जायची सोयच नाही. इथे ती काही ठिकाणी आहे, म्हणून तर हा धागा. घामाघूम होण्याबाबत अगदी बरोबर, इथे त्याला ट्रान्सफर शॉक म्हणतात. पहिल्या सत्रात जीपीए थोडा उतरतो, मग सावरतो.

सॅनदिएगोचा_बाळू

हाय. आईने हा धागा पाठवला. माझं मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

मी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून यूसी सॅन दिएगोला गेलो. पहिल्या वर्षी मलाही पळून जायचं होतं. क्लास झाला की पार्किंग लॉट, कार, घर. मित्र सगळे डॉर्ममध्ये, त्यांच्या स्टोऱ्या बघून वैताग यायचा. तुमच्या मुलाला आत्ता हेच होतंय बहुतेक, युनिट्सचा प्रॉब्लेम त्याला नाहीच आहे. मी मॅथ ट्यूटरिंग सेंटरला काम धरलं आणि तिथे माझा ग्रुप झाला, त्यातले तिघं पुढे माझ्याबरोबर सॅन दिएगोला होते. दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा कितीतरी बरं गेलं.

एक मोठा पॉइंट कुणी लिहिला नाही. दोन वर्षं करून अर्ज केला की यूसी तुमचे हायस्कूलचे मार्क सिलेक्शनमध्ये बघत नाही. फक्त कॉलेजचा जीपीए, मेजरचे कोर्स आणि निबंध. पण एका वर्षात सॉफमोर (दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी) म्हणून खाजगी ठिकाणी अर्ज केला तर अर्ज जातो फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा हातात कॉलेजचा एकच क्वार्टर असतो! मग ते काय बघणार? हायस्कूल ट्रान्सक्रिप्ट मागतात, काही ठिकाणी एसएटी परीक्षेचे मार्क पण. म्हणजे जी फाईल गेल्या वर्षी रिजेक्ट झाली तीच परत पाठवायची, वर चार नवीन ग्रेड्स लावून. मी तेव्हा हे लक्षात घेऊन थांबलो.

पण थांबण्यात तोटा पण आहे, खोटं नाही बोलणार. सॅन दिएगोला क्लासेस सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात आणि पुढच्या समरच्या इंटर्नशिपचे अर्ज ऑगस्टपासूनच उघडे असतात. कॅम्पसवरची लायब्ररी सापडायच्या आधी रेझ्युमे पाठवावे लागतात, आणि त्यावर त्या युनिव्हर्सिटीतलं काहीच नसतं. प्रोफेसर ओळखत नाहीत, रिसर्च लॅबमध्ये जागा भरलेल्या. सॉफमोर म्हणून गेलेल्याला यासाठी एक जास्तीचं वर्ष मिळतं. माझा एक मित्र एका वर्षाने यूएससीला गेला, तीन वर्षं मिळाली त्याला, आणि तो हॅपी आहे. त्याच्या घरी पैशाचा प्रश्न नव्हता.

मोगरा_फ्रीमाँट

बाळू, खूप खूप आभार रे. तुझं मराठी उत्तम आहे. हायस्कूल ट्रान्सक्रिप्टचा मुद्दा आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आणि "युनिट्सचा प्रॉब्लेम त्याला नाहीच आहे" हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं.

रानवारा_प्लेनो

बाळूशेठ, लाख बोललात.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तोही बघा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला क्वार्टरचं युनिट ३१ डॉलरला पडतं ना? म्हणजे अख्खी ९० युनिट्स २,७९० डॉलर, पुस्तकं आणि किरकोळ फी सोडून. यूएससीची एका वर्षाची नुसती ट्यूशन ७० हजारांच्या घरात. एक वर्ष लवकर जाणं म्हणजे स्वस्तातलं एक वर्ष टाकून महागातलं एक वर्ष विकत घेणं. घरी राहून गाडी चालवण्याचा खर्च धरला तरी तुलनाच नाही.

शमा_सनीव्हेल

शिवाय पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या फुल टाइम मुलांना बऱ्याच कॉलेजात कॉलेज प्रॉमिसखाली दोन वर्षं ती ३१ डॉलरची फीही माफ असते. मोगरा, घेतली आहेस ना? आणि खाजगी युनिव्हर्सिट्यांच्या घसघशीत मेरिट स्कॉलरशिप्स बहुतेक फ्रेशमनसाठी असतात, ट्रान्सफरवाल्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

एच४_आई

सगळे फी आणि कोर्सवर बोलताहेत, पण आमच्यासारख्यांच्या घरी घाई वेगळ्याच कारणाने असते. ग्रीन कार्डची रांग हलत नाही आणि मुलगी २१ ची झाली की एच-४ (आईवडिलांच्या वर्क व्हिसावरचा मुलांचा व्हिसा) संपतो. आमच्याकडे रोज रात्री हाच विषय: लवकर युनिव्हर्सिटीत गेली तर काही सुटेल का?

शमा_सनीव्हेल

ताई, नुसतं लवकर जाऊन हे सुटत नाही. अठराव्या वर्षी कॉलेजला लागलेलं मूल डिग्री हातात यायच्या आधी २१ चं होणारच, कम्युनिटी कॉलेजला असो की थेट युनिव्हर्सिटीत. कधीतरी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करावा लागतोच.

पण तो कधी करायचा याला महत्त्व आहे. एच-४ वरच्या मुलाला नोकरी करता येत नाही, म्हणजे पगारी इंटर्नशिपही नाही. एफ-१ वर कॅम्पसमधलं काम करता येतं, एक शैक्षणिक वर्ष झालं की सीपीटीवर (शिक्षणाचा भाग म्हणून कामाची परवानगी) इंटर्नशिप करता येते. उलट बाजूने, कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांना फीसाठी रेसिडेन्सी (रहिवाशाचा दर) मिळवता येते, एफ-१ वाल्यांना नाही. यूसीत बाहेरच्यांना ट्यूशनच्या वर जी जास्तीची रक्कम भरावी लागते ती वर्षाला ३० हजार डॉलरच्या पुढे आहे. म्हणून आधी रेसिडेन्सी पक्की, मग स्टेटस बदल, आणि दोन्हींच्या मध्ये त्या कॅम्पसच्या रेसिडेन्सी ऑफिसचं लेखी उत्तर. फोनवरच्या शब्दावर जाऊ नका. आणि इमिग्रेशनचा वकील धराच, इथे आम्ही सगळे हौशी.

एच४_आई

खूप आभार. उत्तर आवडलं नाही, पण निदान कळलं.

तिसरीघंटा

आणि भारतातून थेट कम्युनिटी कॉलेजला आलं तर? माझ्या पुतण्याच्या डोक्यात हेच खूळ आहे. बारावी झाली, एका एजंटने सांगितलंय की एका वर्षात युनिव्हर्सिटी.

एडिसनकाका

एजंटला ती हमी कागदावर लिहून मागा.

एफ-१ वर कम्युनिटी कॉलेजला येता येतं, त्यात गैर काही नाही. कॅलिफोर्नियात ट्रान्सफरचा प्राधान्यक्रम त्यांनाही लागू होतो, टॅगही (ठरावीक यूसीत जागेची हमी देणारा अर्ज) भरता येतो. फक्त युनिटचा दर रहिवाशाच्या कित्येक पट. युनिव्हर्सिटी बदलताना सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली) नोंद जुन्या कॉलेजातून नव्याकडे सोडवून घ्यावी लागते आणि नवा आय-२० (व्हिसासाठीचं कॉलेजचं प्रमाणपत्र) निघतो, तेवढं तारखा बघून करायचं. "एका वर्षात" मात्र डोक्यातून काढा. पुतण्या दोन वर्षांची तयारी ठेवून येणार असेल तर चांगला मार्ग आहे.

निळू_सिअॅटल

वॉशिंग्टनचा उल्लेख काकांनी केलाच आहे. इथल्या पालकांसाठी एवढंच: रनिंग स्टार्टमध्ये अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजचे कोर्स ट्यूशन न भरता करतात, काही जण तर हायस्कूल डिप्लोमाबरोबर असोसिएट डिग्रीही घेऊन निघतात. पण युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला प्रवेश मिळणं आणि तिथल्या कॉम्प्युटर सायन्सला मिळणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. आमच्या ओळखीत पहिली जिंकून दुसरी हरलेली मुलं आहेत.

मोगरा_फ्रीमाँट

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याच्याबरोबर असिस्ट डॉट ऑर्ग उघडून बसले. एका बाजूला डी अँझा, दुसऱ्या बाजूला एकेक यूसी, मधे मेजर. दोन रकाने येतात: इकडचा कोर्स, तिकडचा कोर्स. त्याचं कॅल्क्युलस बीसीमुळे वन-सी या तिसऱ्या कोर्सपासून सुरू झालंय, त्यामुळे गणिताची साखळी या वर्षी बरीचशी संपेल. सी प्लस प्लसचे तीन कोर्सही जूनपर्यंत होतील. पण फिजिक्सला अजून हातच लावलेला नाही. फोर-ए झाल्याशिवाय फोर-बी नाही, फोर-बी झाल्याशिवाय फोर-सी नाही, आणि त्याला हव्या असलेल्या दोन कॅम्पसना तिन्ही लागतात असं दिसलं. बराच वेळ तो स्क्रीन वरखाली करत होता. मग म्हणाला, "म्हणजे पुढच्या वर्षी मला इथे काम आहे." मी काहीच बोलले नाही, चहा टाकायला उठले.

तरी एका खाजगी युनिव्हर्सिटीला सॉफमोर म्हणून अर्ज करायचाच म्हणतोय. करू दे म्हटलं. मिळालं आणि त्यांनी मदत दिली तर बघू, नाहीतर पुढच्या फॉलला ज्युनियर. नवऱ्यालाही हे पटलं. सासूबाईंना सांगितलंय, नापास नाही झाला, फिजिक्स राहिलंय. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तेच की."

घाटावरचा

सासूबाईंना इथे आयडी काढून द्या.

चिकूशेठ

बरं झालं. फिजिक्स नीट करा म्हणावं, तिथे आमचे चिरंजीव घसरले होते. (घाटावरचा, मिळालं उत्तर?)

शमा_सनीव्हेल

मोगरा, बेत योग्य. आता टॅगचं बघून ठेव. सहा यूसी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन दिएगो देत नाहीत. एकाच ठिकाणी भरता येतो, अर्ज १ ते ३० सप्टेंबर, आणि भरताना ४५ क्वार्टर युनिट्स झालेली लागतात, ती त्याची होतीलच. कॉम्प्युटर सायन्सला बऱ्याच ठिकाणी टॅग नसतो आणि मेजरची यादी दरवर्षी बदलते. तेव्हा नवीन वर्षाची यादी आली की तीच बघ, आपल्या वेळची कुणी पाठवली तर ती वापरू नको. डेटा सायन्स, मॅथ असं काही त्याला चालणार असेल तर टॅग त्यासाठी आणि बाकी कॅम्पसना कॉम्प्युटर सायन्स, असं माझ्या धाकटीने केलं होतं. यूसीचा मुख्य अर्ज ऑक्टोबरपासून सबमिट करता येतो, टॅग असला तरी तो वेगळा भरावाच लागतो. दरवर्षी कुणीतरी हे विसरतं.

रानवारा_प्लेनो

आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवायला सांगा, आठवड्यांचं वेळापत्रक आणि पुस्तकाचं नाव दिसेल असा. खाजगी किंवा बाहेरच्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीत क्रेडिटवरून वाद झाला तर तोच लागतो. क्वार्टर संपला की पोर्टलवरून बरेचदा गायब होतो, भाच्याला शेवटी जुन्या प्रोफेसरला ईमेल करून मागवावा लागला.

मोगरा_फ्रीमाँट

फॉलचे तीन आजच उतरवून घेतले. चौथ्याचा सापडत नाहीये, सोमवारी ऑफिस अवर्सला जाऊन मागतो म्हणाला.

कोथिंबीरवडी

शमाताई, एक राहिलं. डुअल एनरोलमेंटमध्ये पहिला कोर्स कुठला घ्यावा? आमच्या बाईसाहेबांना ॲस्ट्रॉनॉमी हवंय, बाबांना कॅल्क्युलस.

शमा_सनीव्हेल

ॲस्ट्रॉनॉमी. ज्या विषयात ए नक्की येईल तो पहिला.